चेकवरचं ‘ओन्ली’, औषधावरचं ‘ओन्ली’ आणि आपल्या बोलण्यातलं ‘ओन्ली’ : एकाच शब्दाचे किती अर्थ?

सोसायटीचा चेक असो की बियाण्याच्या दुकानदाराला दिलेला, रक्कम अक्षरात लिहिली की शेवटी ‘ओन्ली’ लिहायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. का लिहायचं, हे मात्र कमी जणांना सांगता येतं. ‘फाइव्ह थाउजंड’ एवढंच लिहून जागा मोकळी सोडली, तर पुढे कोणीही ‘फाइव्ह हंड्रेड’ घुसवू शकतो आणि 5,000 चे 5,500 होतात. ‘ओन्ली’ लिहिलं की रक्कम तिथंच संपली. मराठीत चेक लिहिताना हेच काम ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ करतो आणि आकड्यापुढची ‘/-’ ही खूणही त्याच कामाची. अक्षरी रकमेला एवढं जपायचं कारण कायद्यात आहे. आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर 1881 च्या पराक्राम्य संलेख अधिनियमानुसार अक्षरात लिहिलेली रक्कम खरी धरली जाते. प्रत्यक्षात असा चेक बँक बहुधा परतच करते, तो भाग वेगळा.

चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहिलं असेल, तर पैसे ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यातच जमा होतात, काउंटरवर रोख मिळत नाहीत. ‘त्याच्या खात्यातच’ मधला हा जो शेवटचा ‘च’ आहे, तोच इंग्रजी ‘ओन्ली’ समजून घ्यायची किल्ली.

मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्याच्यावर जोर पडतो, त्यामुळं घोटाळा होत नाही. इंग्रजीत ‘ओन्ली’ सुटा असतो, वाक्यात इकडून तिकडे फिरतो आणि फिरला की अर्थ बदलतो. ‘सुनीता सेल्स मिल्क टू द डेअरी’ हे साधं वाक्य घ्या. ‘ओन्ली सुनीता सेल्स मिल्क टू द डेअरी’ म्हटलं की डेअरीला दूध सुनीताच घालते, घरातलं दुसरं कोणी नाही. ‘सुनीता सेल्स ओन्ली मिल्क टू द डेअरी’ म्हणजे ती दूधच घालते, तूप-खवा नाही. आणि ‘सुनीता सेल्स मिल्क ओन्ली टू द डेअरी’ म्हणजे डेअरीलाच घालते, कुणाकडे रतीब नाही. बोलताना इंग्रज लोकही ‘ओन्ली’ क्रियापदाआधी कुठंतरी टाकून मोकळे होतात, कारण आवाजाच्या चढउतारावरून ऐकणाऱ्याला कळतं. कागदावर आवाज नसतो. करारपत्र किंवा अर्ज इंग्रजीत लिहायचा असेल, तर ज्या शब्दाला मराठीत ‘च’ लावला असता, त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेवणं सुरक्षित.

आता आपली खास सवय. ‘आय अ‍ॅम फ्रॉम बारामती ओन्ली’, ‘ही इज माय ब्रदर ओन्ली’. हे ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’ जशाचा तसा इंग्रजीत नेलेला : ‘बारामतीचाच’, ‘माझा भाऊच’. भारतभर असं बोलतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि आपसात सगळं कळतं. अडचण येते ती परदेशी ग्राहकाशी फोनवर किंवा मुलाखतीत. ‘आय विल सेंड द डॉक्युमेंट्स टुडे ओन्ली’ असं म्हणणाऱ्याच्या मनात असतं ‘आजच पाठवतो, उशीर करत नाही’. समोरच्याला ऐकू येतं ‘फक्त आजच पाठवीन, उद्या नाही’, म्हणजे सेलच्या पाटीवरचं ‘टुडे ओन्ली’. विनयाचं वाक्य धमकीसारखं लागतं. तिथं सरळ ‘बाय धिस इव्हनिंग’ म्हणावं.

कर्जाच्या आणि योजनांच्या अटी वाचताना सगळ्यात जास्त फसवतो तो ‘ओन्ली इफ’. ‘इफ’ म्हणजे ‘तर’, ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’. ‘सातबारा दिला तर कर्ज मिळेल’ आणि ‘सातबारा दिला तरच कर्ज मिळेल’ यात मोठा फरक आहे. पहिल्यात सातबारा दिला की काम झालं. दुसऱ्यात सातबारा लागणारच, पण तेवढ्यावर कर्ज मिळेलच असं कुणी म्हटलेलं नाही. ‘तुम्हीच लिहिलंय ना’ म्हणून काउंटरवर वाद घालण्याआधी हा एक शब्द तपासावा. हेच दोन शब्द उलटे केले, ‘इफ ओन्ली’, की अट जाते आणि हळहळ उरते : ‘जूनमध्ये पाऊस पडला असता तर!’

दहावी-बारावीच्या मुलांचं ‘ओन्ली’ म्हणजे वाक्यरूपांतरातलं ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’. इथंही जागेचीच भानगड. दोन पिकं जोडायची असतील तर ‘ही ग्रोज नॉट ओन्ली अनियन बट ऑल्सो सोयाबीन’. दोन क्रिया जोडायच्या असतील तर ‘ही नॉट ओन्ली ग्रोज अनियन बट ऑल्सो सेल्स इट’. दोन्ही बाजूंना सारख्या जातीचे शब्द यायला हवेत. स्पर्धा परीक्षेत ‘ओन्ली’ काढून वाक्य लिहायला सांगतात, तेव्हा माणसासाठी ‘नन बट’ आणि वस्तूसाठी ‘नथिंग बट’.

बाकीचे अर्थ वाचनात भेटतात. ‘ओन्ली सन’ म्हणजे एकुलता एक मुलगा. ‘ओन्ली टू हॅपी’ म्हणजे अगदी आनंदानं, त्यात ‘फक्त’ कुठंच नाही. ‘ही रीच्ड द स्टँड ओन्ली टू फाइंड द बस गॉन’ याचं शब्दाला शब्द भाषांतर केलं तर ‘बस गेलेली शोधण्यासाठी फक्त तो स्टँडवर पोहोचला’ असं काहीतरी विचित्र होतं. आपण म्हणू : स्टँडवर येऊन पाहतो तो काय, एसटी निघून गेलेली.

हा शब्द मुळात ‘वन’ म्हणजे ‘एक’ यातूनच आला. ‘वन’चा उच्चार पुढे बदलला, ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’मध्ये जुना ‘ओ’ टिकून राहिला.

आणि घरातल्या फळीवरच्या बाटल्या. ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे वरून लावायचंच औषध, पोटात घ्यायचं नाही. ‘फॉर अ‍ॅनिमल ट्रीटमेंट ओन्ली’ म्हणजे जनावरांसाठीच. गोठ्यातली आणि घरातली औषधं एकाच फळीवर असतील, तर ही बाटली आजच वेगळी ठेवावी.