कोळशावरचा पापुद्रा

पवनीच्या भोवताली वैनगंगेच्या काठाने धानाच्या बांध्या आहेत. धान आलं की तण येतं आणि तणापाठोपाठ तणनाशक. त्यातलं पॅराक्वाट सर्वांत घातक: पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. अशा वेळी मोठ्या रुग्णालयात कधी कधी हीमोपरफ्युजन करतात. रोग्याचं रक्त शोषक दाण्यांच्या नळकांड्यातून फिरवून परत शरीरात सोडतात.

नळकांडं हातात मावेल एवढंच. दोन्ही टोकांना बारीक जाळी, आत बहुधा सक्रिय कोळशाचे काळे दाणे. एका ग्रॅम कोळशाच्या छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं, म्हणून तो विष ओढतो. 1964 मध्ये अथेन्सच्या डॉक्टर यात्झिडिस यांनी उघडा कोळसा वापरून पाहिला. विष निघालं, पण प्लेटलेट घटल्या आणि कोळशाची भुकटी रक्तात उतरली. परक्या पृष्ठभागाला रक्त लागलं, की आधी प्रथिनं चिकटतात, मग प्लेटलेट, मग गुठळी धरते.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या थॉमस चँग यांनी 1960च्या दशकात यावर तोड काढली. दाण्यांवर कोलोडियनचा पातळ पापुद्रा आणि त्यावर अल्ब्युमिन या प्रथिनाचा थर. विषाचे छोटे रेणू पापुद्र्यातून आत शिरतात, रक्तपेशी बाहेर राहतात. मला या शोधाचं मोठेपण इथेच दिसतं: रक्ताला काय सोसवेल, हा विचार त्यात आधी झाला. पापुद्रा जाड झाला तर विष सावकाश शोषलं जातं, फार पातळ झाला तर भुकटी सुटायची भीती. पुढे सेल्युलोजचे लेप आले, पॉलिस्टायरीनचे मणी आले, पण हा तोल साधावाच लागतो. म्हणून आयएसओ 10993-4 या मानकानुसार रक्तपेशी फुटतात का, गुठळी होते का, प्लेटलेट किती घटतात, हे तपासतात. लेप चांगला असला तरी गुठळी रोखणारं हेपॅरिन लागतं, आणि थोड्या प्लेटलेट जातातच.

पॅराक्वाटच्या बाबतीत मात्र या उपचाराने जीव वाचतोच, असा भक्कम पुरावा अजून नाही. विष काही तासांतच रक्तातून फुप्फुसात जाऊन बसतं, आणि तिथवर नळकांड्याचा हात पोचत नाही. शिवाय मोठी रुग्णालयं नागपुरात, आणि पवनीहून नागपूर सुमारे 80 किलोमीटर. तेव्हा तणनाशक पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी उलटीची किंवा त्रासाची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा आणि तणनाशकाची बाटली लेबलासकट सोबत न्या.