स्पीकरवरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका

दोन गटांकडून एकच प्रश्न आला, म्हणून आज त्यावरच बोलते. घरात पडून असलेला वॉल्व्हचा जुना रेडिओ दुरुस्त झालाय, वॉल्व्ह पेटतात, पण स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडलाय. गटाच्या बैठकीत वीस-पंचवीस जणींना ऐकू जायला हवं. दुकानदार म्हणतो, ‘१०० वॅटचा घ्या, दणका येईल.’ घ्यावा का?

नाही. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो, तेवढंच. आवाजाची ताकद यायची ती रेडिओतून. आणि वॉल्व्हच्या घरगुती रेडिओत असते जेमतेम ३ ते ५ वॅट. भलंमोठं जातं आणलं म्हणून पीठ जास्त पडत नाही. फिरवणारा हात लहान असेल तर जड जातं जागचं हलतही नाही. मोठ्या वॅटच्या स्पीकरचा, विशेषतः गाडीतल्या वूफरचा, कोन जड असतो. त्याला ३ वॅट म्हणजे काहीच नाही.

मग बघायचं काय? तर डीबीचा आकडा. १ वॅट दिला आणि १ मीटरवर उभं राहून मोजलं, तर स्पीकर किती आवाज देतो, ते हा आकडा सांगतो. तो खोक्यावर नाही तर माहितीच्या कागदावर छापलेला असतो. दुकानदाराला मागून घ्या, लाजू नका. पैसे गटाचे आहेत. यातलं गणित मात्र नीट समजून घ्या. डीबी ३ ने वाढला की तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. समजा एक स्पीकर ८४ डीबीचा आणि दुसरा ९३ चा. फरक ९ चा, म्हणजे तीनदा दुप्पट, आठ पट. ९३ वाल्याला ३ वॅट दिले की जो आवाज येतो, तोच ८४ वाल्यातून काढायला २४ वॅट लागतील. ते आपल्या रेडिओत नाहीतच. म्हणून ९० च्या वरचाच मागा. हलक्या कागदी कोनाचा, सहा किंवा आठ इंची, ज्याला ‘फुल रेंज’ म्हणतात तो. काहींच्या मधोमध आणखी एक छोटा कोन असतो, त्यानं बारीक आवाज, टाळ, शब्दातले ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट येतात. कडेला फोम असेल तर काही वर्षांत त्याचा भुगा होतो. कागदाची किंवा कापडाची कड टिकते.

‘मग देवळावरचा भोंगाच लावू की,’ असं एकीनं विचारलं. भोंगा कमी वॅटमध्ये खूप ओरडतो हे खरं. पण जाड आवाज त्यातून येतच नाही. दवंडीला ठीक, तासभर बसून भाषण किंवा भजन ऐकायला डोकं उठतं.

दुसरा आकडा ओहमचा. वॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, तो ठरावीक ओहमसाठी गुंडाळलेला असतो. अनेक जुन्या रेडिओंत स्पीकर ३ ते ५ ओहमचा असायचा, तिथे आज ४ ओहमचा सरळ बसतो. ८ चा लावला तर आवाजात थोडा फरक पडेल, पण काम भागतं. जुना स्पीकर फेकू नका, दुकानात सोबत न्या. त्याला दोनापेक्षा जास्त वायरी असतील तर आधी मेकॅनिकला दाखवा. काही फार जुन्या स्पीकरमधली एक गुंडाळी रेडिओच्या वीजपुरवठ्याचाच भाग असते. नुसता स्पीकर बदलून चालत नाही.

विकत घेताना दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अगदी हलके, सरळ आत दाबा. खरखर लागली तर आतली कॉइल घासतेय, तो घेऊ नका. मग दीड व्होल्टचा सेल दोन टोकांना क्षणभर टेकवा, ‘खट्’ असा आवाज यायला हवा.

पेटीबद्दल थोडंसंच. स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर मागचा आवाज पुढच्याला खातो आणि ढोलकीचा जाड ठेका गायब होतो. जुन्याच लाकडी पेटीत बसवा आणि मागची भोकाभोकांची पाटी परत लावा. भोकं बुजवू नका. वॉल्व्ह तापतात, त्यांना वारा लागतो.

आता जिवाची गोष्ट. वॉल्व्हच्या रेडिओत २५० व्होल्टच्या आसपास वीज खेळते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ साठून राहते. म्हणून आतलं काम मेकॅनिकचंच. स्पीकर सुटलेला असताना रेडिओ चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आणखी एक. या जुन्या रेडिओंवर सहसा एफएम लागत नाही, त्यामुळे आपलं केंद्र थेट ऐकू येणार नाही. बऱ्याच रेडिओंच्या मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं असतात, तिथे छोट्या एफएम रेडिओची वायर जोडता येते. पण आधी मेकॅनिकला एकच विचारा: आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का? काही रेडिओ त्याच्याशिवाय बनलेले असतात, त्यांच्या आतल्या पत्र्यात थेट घरातली वीज येऊ शकते. तसा असेल तर बाहेरची कुठलीही वायर त्याला जोडायची नाही, कोणी कितीही सोपी युक्ती सांगितली तरी.