चाकांवरचे घर आणि पावसाचे पाणी

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंती, कौले आणि ओटा येतो. पण काही घरांना चाके असतात. गाडीलोहारांच्या बैलगाड्या आपण पाहिल्या आहेत. त्यांचा सारा संसार गाडीवर असे. मोटारगाडीतही असे घर करता येते. आत झोपायला फळ्या, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि कपाट बसवतात. अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले.

पण हे घर जुने झाले आणि त्यात पाणी शिरले तर काय करावे? तेच आज आम्ही सांगणार आहोत.

मुंबईत लालबागला आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याची आई सातारा जिल्ह्यात गावी असते. तिला कंबरेचे दुखणे आहे. फार वेळ बसवत नाही. तिला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात वरचेवर आणावे लागते. आईला निजून प्रवास करता यावा म्हणून त्याने उसनवारी करून अशी एक जुनी गाडी घेतली. उन्हाळ्यात घेतली तेव्हा रंग कसा चकचकीत होता! जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि आईची गादी भिजली. पुढे एके दिवशी ती गाडीत चढत असताना दारापाशी तिचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला. नशीब, मोडला नाही.

मुलगा म्हणाला, "गुरुजी, वरून नवा पत्रा ठोकतो आणि डांबर फासतो."

आम्ही म्हटले, "थांब. आधी जाणत्याला विचारू." आम्हांला अक्षरे कळतात, मोटारी कळत नाहीत. म्हणून दोघे परळला एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो.

शिरते एकीकडे, सापडते दुसरीकडे

मिस्त्रींनी गादीवरचा डाग पाहिला, पण तिथे हात लावला नाही. त्यांनी एका पोऱ्याला नळी घेऊन बाहेर उभे केले. स्वतः बॅटरी घेऊन आत बसले. पोऱ्याने आधी खालच्या बाजूंवर पाणी सोडले, मग खिडक्यांवर आणि शेवटी टपावर. एकदम वरून पाणी ओतले तर ते सगळीकडे ओघळते. मग भोक कुठे आहे हे कळत नाही.

पाणी टपावरच्या झरोक्यापाशी शिरत होते. झरोका पुढच्या बाजूला आणि गादी मागच्या बाजूला! पाणी आतल्या लाकडी पट्टीवरून वाहत जाऊन मागे ठिबकत होते.

मिस्त्री म्हणाले, "मास्तर, पाणी चोरासारखं असतं. शिरतं एकीकडे, सापडतं दुसरीकडे."

मग त्यांनी टोच्या घेतला आणि लाकडात जागोजाग टोचून पाहिले. चांगल्या लाकडात टोच्या अडतो. कुजलेल्या लाकडात तो भाकरीत शिरावा तसा शिरतो. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. ओल टिकली की त्यावर बुरशी वाढते. ती बुरशी लाकूड खाते. ओल गेली की तिची वाढ थांबते.

लोखंडाचे वेगळे. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड गंजते. मुंबईची हवा समुद्राची, खारी. मिठामुळे गंज लवकर चढतो. विकणाऱ्याने हे सारे रंगाखाली झाकले होते.

आधी उघडा, मग वाळवा, मग बांधा

मिस्त्रींनी कामाचा क्रम सांगितला. तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पहिले काम तपासणीचे. गाडीखाली शिरून चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी कणा, ठोकून पाहावी. कणाच गंजून खचला असेल तर वर पैसा घालू नये. गाडी भंगारात द्यावी. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीची चासी धड होती.

दुसरे काम उघडण्याचे. आतल्या फळ्या काढाव्यात. प्रत्येक फळीवर खडूने आकडा घालावा, म्हणजे पुन्हा बसवताना घोटाळा होत नाही. पाहा, अक्षरओळख इथेही उपयोगी पडते!

तिसरे काम गळती थांबवण्याचे. झरोक्याचा जुना सुकलेला मसाला खरवडून काढावा आणि नवा लवचीक मसाला भरावा. गाडी धावताना हादरते. सिमेंटसारखा कडक मसाला तडकतो.

चौथे काम कापण्याचे. कुजका भाग कापावा आणि त्यापुढे वीतभर चांगले लाकूडही काढावे. गंजलेला पत्रा तारेच्या ब्रशने घासावा. जिथे भोक पडले असेल तिथे तो कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. गॅसची टाकी, गाद्या आणि पडदे दूर ठेवावेत. तेलाच्या टाकीजवळ जाणत्यावाचून काम करू नये. मग लोखंडाला रेड ऑक्साइडचा हात द्यावा.

पाचवे काम वाळवण्याचे. इथेच माणसाचा धीर सुटतो. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत पाहा. मूर्ती ओली असताना कारागीर रंग लावत नाहीत. लावला तर पोपडे निघतात. गाडीचेही तसेच. ताडपत्री घालावी, पण खालून वारा खेळू द्यावा.

सहावे काम नवे बांधण्याचे. तळाला साधा प्लायवुड चालत नाही. पाण्यात टिकणारा मरीन प्लायवुड घ्यावा. त्यावर भारतीय मानक ७१० हा आकडा छापलेला असतो. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आकडा स्वतः वाचा. फळीच्या कापलेल्या कडांनाही रंग द्यावा, कारण पाणी कडेनेच शिरते.

आतल्या फळ्या बसवण्यापूर्वी पुन्हा नळीने पाणी सोडून पाहावे. कोरडे राहिले तरच पुढे जावे. रंग सगळ्यांत शेवटी.

पुराचे पाणी

पावसाचे पाणी वरून येते, तसे ते खालूनही येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहरात असंख्य गाड्या बुडाल्या. दादर-परळमधल्या हिंदमातासारख्या सखल जागी तर मोठ्या पावसात पाणी साचतेच.

गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर इंजिन सुरू करून पाहू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी असताना ते फिरवले तर आतला दांडा वाकतो. आधी बॅटरी सोडावी आणि गाडी ओढून मिस्त्रीकडे न्यावी. भिजलेल्या तांब्याच्या तारा आतून हिरव्या पडतात. तशा तारा बदलाव्यात, नाही तर ठिणगी पडते.

जिवाची आणि कायद्याची गोष्ट

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचतो. म्हणून गॅसच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक ठेवतात. दुरुस्तीत ते बुजवू नये. बंद गाडीत शेगडी पेटवून कधीही झोपू नये. कोळशाचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

गाडीच्या बांधणीत फेरफार करायचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि तो नोंदणीच्या कागदावर चढवावा लागतो. लालबागच्या मंडळींना त्यासाठी ताडदेवच्या परिवहन कचेरीत जावे लागते. जुनी गाडी घेण्यापूर्वीही तो कागद स्वतः वाचावा.

काम आषाढात सुरू झाले आणि दिवाळीनंतर संपले. मुलगा मध्ये कंटाळला होता. "गुरुजी, डांबर फासलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं," असे एकदा म्हणालाही. मिस्त्रींनी त्याला कापून काढलेली फळी हातात दिली. त्याने ती दाबली तर तिचा भुसा झाला. मग तो काही बोलला नाही.

मार्गशीर्षात त्याची आई त्याच गाडीतून निजून मुंबईला आली. उतरताना तिने आधी पायाने फळी चाचपली, मग पाऊल टाकले.

मंडळी, तुमच्याकडे चाकांवरचे घर नसेल. पण कौलारू घर आहे, बैलगाडी आहे. तिथेही हाच नियम. डाग दिसला की रंगाचा डबा आणू नका. पाणी कुठून आले ते आधी शोधा.