इंजिनातील काजळी व बाटलीतील औषध

विहिरीवरील डिझेल इंजिन ऐन हंगामात काळा धूर ओकू लागले, की शेतकऱ्याची दुहेरी हानी होते. डिझेल अधिक जळते आणि पाणी मात्र कमी पडते. वडूजसारख्या अवर्षणप्रवण भागात ज्वारीची अथवा कांद्याची एक पाळी चुकणे म्हणजे काय, हे येरळाकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. अशा वेळी डिझेलमध्ये मिसळावयाच्या कार्बननाशक औषधाची बाटली जवळची वाटते. तिचा उपयोग आहे. परंतु तो कोठवर, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजावून द्यावयास हवे.

किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना पुण्यास १९४६ साली निघाला, तेव्हापासून इंजिनांत पुष्कळ सुधारणा झाल्या. काजळीचे कारण मात्र तेच राहिले आहे : डिझेल पूर्ण न जळणे. बाटलीतील द्रव डिझेलबरोबर जातो, म्हणून तो नोझल धुतो व तेथील पातळ थर हळूहळू काढतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे पोहोचण्यापूर्वी तो स्वतःच जळून जातो. तेव्हा तेथील, तसेच पिस्टनवरील व रिंगांच्या खाचांतील दगडासारखा थर त्याने निघेल, ही आशा व्यर्थ होय. धूर निळसर असेल, तर इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. त्यावर ही बाटली चालत नाही.

प्रथम एअर क्लीनर उघडून पाहावा. आमच्याकडील धुळीने तो किती लवकर तुंबतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. मोठ्या इंजिनास लहान पंप जोडून ते हलक्या भारावर तासन्‌तास चालविल्यास सिलिंडर पुरेसा तापत नाही व काजळी धरते. नोझल थेंब गाळीत असेल, तर ते तपासून घ्यावे. एका बाटलीने फरक पडला नाही, तर दुसरीचे पैसे याच कामी लावावेत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा प्रकारही काही ठिकाणी आढळतो. त्याने फ्युएल पंपाचे वंगण कमी होऊन तो झिजतो.

थर जाड असल्यास जाणत्या फिटरकडून हेड उतरवावे. काजळी रॉकेलने भिजवून लाकडी पट्टीने खरवडावी. अॅल्युमिनियमच्या पिस्टनवर छिन्नी चालवू नये. गॅस्केट नवे घालावे, नट समोरासमोरचे क्रमाने आवळावेत व व्हॉल्व्हची फट माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावी. हे काम पावसाळ्यात, विहिरीवर इंजिन चालविण्याची गरज नसेल तेव्हाच उरकून घ्यावे.