गवत कापायचं यंत्र घेताना: आधी परडं बघा, मग दुकानात जा

कोऱ्हाळे बुद्रुकहून आम्ही बोलतोय. पाऊस उघडला की आपल्याकडे जिकडंतिकडं गवतच गवत. त्यात नीरा डाव्या कालव्याचा भाग, म्हणजे कित्येकांचे बांध उन्हाळ्यातही हिरवे. घरामागं, गोठ्याच्या कडेला, पोरांच्या शाळेच्या वाटेवर गवत गुडघ्याला लागतं. त्यात घोणस बसलेली असली तर दिसत नाही. म्हणून घराभोवतीचं गवत तोकडं ठेवणं ही हौस नाही, गरज आहे.

आता गटागटांत बोलणं निघतं, "यंत्र घेऊया का?" घ्या, पण आमच्यासारखं घेऊ नका. आमच्या गटानं पहिलं यंत्र घेतलं ते दुकानदारानं दाखवलं म्हणून. पाठीवर घ्यायचं, मोठ्या इंजिनाचं. एकीनंही ते दुकानात पाठीला लावून बघितलं नाही. गावात आणल्यावर अर्ध्या तासात खांदे भरून यायला लागले. मग चालवायला घरातले पुरुष आले, आणि भाड्याचे पैसेही त्यांच्याच खिशात राहू लागले. कर्जाचा हप्ता मात्र गटाच्या नावावर. दुसऱ्या वेळी आम्ही शहाण्या झालो. ते शहाणपण आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, आपली जागा बघा. चाकांवर ढकलायचं यंत्र, ज्याला लॉन मोअर म्हणतात, ते सपाट हिरवळीसाठी आहे. इंग्लंडमध्ये 1830 साली एडविन बडिंग यांनी ते काढलं, कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र बघून. शाळेचं मैदान किंवा मंगल कार्यालयाची हिरवळ असेल तर ते चांगलं. आपल्या परड्यात दगड, खड्डे, पाण्याची पाइप, शेळीचा खुंटा. तिथं ते चालत नाही. आपल्याला लागतं ते लांब दांड्याचं, पुढं पातं फिरणारं यंत्र. बाजारात त्याला ग्रास कटर किंवा ब्रश कटर म्हणतात.

दुसरी गोष्ट, इंजिन. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. किती, ते यंत्राच्या पुस्तिकेत असतं. पन्नासास एक लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, पंचवीसास एक असेल तर 40 मिली. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोकला पेट्रोल वेगळं, ऑइल वेगळं. धूर कमी, पण रोज ऑइलची पातळी बघायची. गटात यंत्र चार हातांतून फिरतं, मिसळायची चूक होते, म्हणून आम्ही फोर-स्ट्रोक घेतलं. बॅटरीचं यंत्र हलकं असतं, आवाजही कमी. नुसतं परडं असेल तर पुरतं. दिवसभर बांध कापायचे असतील तर बॅटरी उतरते. वायरचं विजेवरचं यंत्र ओल्या गवतात नकोच.

तिसरी गोष्ट, पातं. मऊ गवताला आणि भिंतीच्या कडेला नायलॉनची दोरी. जाड गवताला तीन दातांचं पातं. घाणेरी, बाभळीची रोपटी यांना गोल, बारीक दातांचं. पातं दगडावर आदळलं की यंत्र झटका देतं, म्हणून आधी फिरून दगड, तार, बाटल्या वेचा. ठिबकच्या नळ्याही बाजूला करा. दोरीनंसुद्धा त्या कापल्या जातात. दोरीनं कापलेलं गवत चिंधड्या होतं, मातीही मिसळते. शेळीला घालायचं असेल तर विळ्यानंच कापा. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा हाताला हलका पडतो.

गाजर गवत फुलावर यायच्या आधीच कापा, नाहीतर आपणच बी उडवतो. कापलेलं पुन्हा फुटतं, म्हणून पाऊस पडून गेल्यावर हातमोजे घालून मुळासकट उपटणं जास्त चांगलं.

चौथी गोष्ट, आपला जीव. पदर, ओढणी, लोंबतं मंगळसूत्र यंत्राजवळ नको. आमच्या गटात चालवणारी सलवार किंवा पँट, वर पूर्ण बाहीचा शर्ट, बूट आणि चष्मा घालते. पहिल्या दिवशी दोघी-चौघी हसल्या, आता कुणी हसत नाही. कापताना 15 मीटरच्या आत माणूस, पोर, जनावर नको. उडालेला खडा डोळा घेऊन जातो. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावर.

आता खरा प्रश्न. एका काकूंनी बैठकीत विचारलं, "यंत्र आलं तर आमची मजुरी गेली की गं!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्र वरचं गवत कापतं. हराळी, लव्हाळा मुळापासून काढायला खुरपंच लागतं. त्यामुळं पिकातली खुरपणी राहते, पण बांध कापायची मजुरी कमी होते. म्हणून आम्ही ठराव केला, बांधाचं काम ज्या बायका करत होत्या त्यांनीच आधी यंत्र शिकायचं. त्याच काकू आज यंत्र चालवतात. भाडं गटाच्या खात्यात जमा होतं. त्यातून त्यांची मजुरी, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम. पेट्रोल तासाला किती लागतं ते दुकानदाराला विचारू नका. एक लिटर घालून घड्याळ लावा, आणि मगच भाडं ठरवा.

खरेदीच्या आधी महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानाची चौकशी करा. पूर्वसंमती मिळायच्या आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. जानेवारीत माळेगावजवळ शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात कृषिक प्रदर्शन भरतं, तिथं वेगवेगळी यंत्रं एकाच जागी बघता येतात.

तर पुढच्या बैठकीत पाच प्रश्न इतिवृत्तात लिहा. जागा कशी आहे? चालवणार कोण? तिनं यंत्र अंगाला लावून बघितलं का? सुटे भाग बारामतीत मिळतात का? भाड्याचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार? पाचही उत्तरं मिळाली की खुशाल दुकानात जा. आणि जाताना चालवणारीला बरोबर न्या.