सोयाबीन तेल : शेतातून रुग्णाच्या शिरेपर्यंत

सोयाबीन म्हटले की बाजारभाव, खाद्यतेल आणि पेंड यांचाच विचार प्रथम मनात येतो. याच दाण्यातील तेल गेली सहा दशके वैद्यकशास्त्रात एका नाजूक कामासाठी वापरले जात आहे. ज्या रुग्णांचे आतडे अन्न स्वीकारू शकत नाही, त्यांना ते शिरेवाटे पोषण म्हणून दिले जाते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बालके यांच्यासाठी हा अनेकदा जगण्याचा आधार ठरतो. राजनांदगाव, कबीरधाम, बेमेतरा आणि दुर्ग या छत्तीसगढमधील जिल्ह्यांत, तसेच लगतच्या विदर्भात सोयाबीन घेणाऱ्यांनी आपल्या पिकाचा हा उपयोग जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

तेलच का?

शिरेतून केवळ ग्लुकोज देऊन पुरेशी ऊर्जा पुरवायची झाल्यास द्रावण फार तीव्र करावे लागते आणि हातापायांच्या लहान शिरांना त्याची इजा होते. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात; त्यामुळे थोड्या द्रवात अधिक ऊर्जा देता येते. शिवाय लिनोलिक आणि लिनोलेनिक ही मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती बाहेरून मिळाली नाहीत तर त्वचेचे विकार होतात, जखमा भरण्यास विलंब लागतो आणि बालकांची वाढ खुंटते. सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असते.

सरकीचे अपयश, सोयाबीनचे यश

अमेरिकेत 1950 च्या दशकात सरकीच्या तेलाचे इमल्शन शिरेवाटे दिले जात असे. रुग्णांमध्ये ताप, कावीळ आणि रक्तस्राव यांसारखे दुष्परिणाम दिसल्याने ते पुढे मागे घेण्यात आले. स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी निरनिराळी तेले आणि इमल्शन स्थिर ठेवणारे पदार्थ यांच्या अनेक जोड्या कुत्र्यांवर तपासल्या. शुद्ध सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड यांची जोडी सुरक्षित ठरली. 1962 मध्ये ‘इंट्रालिपिड’ या नावाने ती स्वीडनमध्ये वापरात आली.

या इमल्शनमध्ये 10 किंवा 20 टक्के सोयाबीन तेल, 1.2 टक्के बलकातील फॉस्फोलिपिड आणि सुमारे 2.25 टक्के ग्लिसरीन असते. तेलाच्या थेंबांचा सरासरी व्यास अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी ठेवला जातो. मोठे थेंब सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकण्याचा धोका असतो. भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोपोफोल या दुधाळ औषधातही 10 टक्के सोयाबीन तेल असते. स्वयंपाकाच्या रिफाइंड तेलाशी या औषधी तेलाची गल्लत करू नये. औषधी तेल अधिक काटेकोर शुद्धीकरणातून आणि निर्जंतुक प्रक्रियेतून जाते.

शुद्धीकरणाची मर्यादा

शुद्धीकरणात डिंकासारखे पदार्थ, मुक्त मेदाम्ले, रंग आणि वास काढून टाकले जातात. तेलातील मेदाम्लांचे परस्परप्रमाण मात्र त्याने बदलत नाही. ते मुख्यतः वाणावर आणि दाणे भरतानाच्या तापमानावर ठरते. वैद्यकीय अनुभवाने या घटनेच्या मर्यादाही दाखवून दिल्या आहेत. दीर्घकाळ केवळ सोयाबीन तेलावर ठेवलेल्या बालकांमध्ये यकृताचे विकार आढळले. तेलातील वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि ओमेगा-6 मेदाम्लांचे मोठे प्रमाण यांच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. म्हणूनच आज सोयाबीनसोबत ऑलिव्ह, नारळ आणि मासळी यांपासून मिळवलेल्या तेलांची मिश्रणेही वापरली जातात.

संशोधनाची दिशा

तेलाची घटना बीजातच ठरत असल्याने पैदासकारांचे लक्ष उत्पादनाबरोबर गुणवत्तेकडेही वळले आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘इंदिरा सोया-9’ आणि ‘छत्तीसगढ सोयाबीन-1’ यांसारखे वाण दिले. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या ‘एन.आर.सी. 147’ या वाणात ओलिक आम्ल सुमारे 42 टक्के आहे. सामान्य वाणांत ते पाव हिश्श्याच्या आसपास असते. अधिक ओलिक आम्लामुळे तेल लवकर खवट होत नाही. 28 सप्टेंबर 2021 रोजी रायपूरच्या राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या नव्या परिसराचे लोकार्पण झाले. त्याच कार्यक्रमात राष्ट्राला अर्पण केलेल्या 35 वाणांमध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इन्हिबिटर आणि लिपॉक्सिजिनेज या दोन घटकांपासून मुक्त असा सोयाबीनचा वाणही होता.

शेतकऱ्याच्या हाती काय?

औषधी तेलाला लागणारा माल एकूण उत्पादनाच्या तुलनेत अत्यल्प आहे. या उपयोगामुळे बाजार समितीत अधिक भाव मिळेल, अशी आशा विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना दाखवू नये. निरोगी दाणा मात्र प्रत्येक तेल गिरणीला हवा असतो. पावसात भिजलेल्या, फुटलेल्या किंवा ओलसर साठवलेल्या दाण्यांत मुक्त मेदाम्ले वाढतात. त्यांतील फॉस्फोलिपिडचे रूपही बदलते आणि ते पाण्याने सहज धुऊन निघत नाहीत. परिणामी शुद्धीकरणात तेलाची घट वाढते.

यासाठी शेंगा पक्व होताच कापणी करावी. मळणी यंत्राचा वेग मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांच्या मर्यादेत ठेवावा. दाणे चांगले वाळवून ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास आल्यावरच साठवण करावी. तेल शिरेत जावो अथवा कढईत, त्याच्या गुणवत्तेचा पहिला टप्पा शेतकऱ्याच्या खळ्यावरच पार पडतो.