हिरव्या मातीचे गुण आणि मर्यादा

मुलतानी मातीचा लेप आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. फ्रान्समध्ये तसेच स्थान हिरव्या मातीला लाभले आहे. इलाइट व माँटमोरिलोनाइट ही तिच्यातील प्रमुख खनिजे असून हिरवी छटा मुख्यतः लोहाच्या संयुगांमुळे येते. पापुद्र्यांसारख्या अतिसूक्ष्म कणांमुळे ही माती त्वचेवरील तेल व मळ शोषून घेते. त्यामुळे तेलकट त्वचेसाठी तिचा लेप उपयुक्त ठरतो. कोरडी त्वचा मात्र अधिक रुक्ष होते. लेप पूर्ण वाळण्याआधीच धुऊन टाकावा.

परंपरेने दुखऱ्या सांध्यांवर व जखमांवरही या मातीचे पोटीस बांधले जाई. आयव्हरी कोस्टमध्ये लीन ब्र्यूने द कुर्सू यांनी बुरुली व्रणाच्या रुग्णांवर तिचा वापर केला. पुढे अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात लिंडा विल्यम्स व शेली हेडेल यांनी फ्रान्सच्या हिरव्या मातीची तपासणी केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खनिजरचना जवळपास सारखीच असलेल्या दोन नमुन्यांपैकी एकानेच जीवाणू नष्ट केले. म्हणजेच रंग वा नाव पाहून मातीचा औषधी गुण ओळखता येत नाही. प्रसाधनासाठी आणलेली माती उघड्या जखमेवर लावू नये, हेच श्रेयस्कर.